खाजनी ड्वार्फ आणि पोहण्याची किंमत

आमच्या फोंड्याच्या गटासाठी मी रचत असलेल्या खेळातील मोहिमेचा, म्हणजे सलग चालणाऱ्या कथेचा, नकाशा आता बराचसा स्थिरावला आहे. पश्चिमेला समुद्र, मध्ये भरती-ओहोटीच्या नद्या व त्यांच्या काठची खाजने (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेते) आणि पूर्वेला गोव्यातील सत्तरीसारखा दाट रानाचा डोंगराळ प्रदेश, अशी त्याची मांडणी आहे. नियम 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रे घेऊन फासे टाकत खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचे असून २०१४ सालचे 'प्लेयर्स हँडबुक' पायाभूत धरले आहे. या टप्प्यात मुख्यतः ड्वार्फ या बुटक्या, दणकट वंशाच्या उपप्रकारांवर काम झाले आणि ते करताना माझे एक मत पक्के होत गेले, की उपप्रकाराची ताकद मोजायची तर मोहिमेचा नकाशा समोर ठेवूनच मोजावी लागते.

आधी मूळ ग्रंथातील जोडी पाहू. हिल ड्वार्फला विज्डम या क्षमतेत एक गुण आणि दर पातळीला एक जादा हिट पॉइंट (मार सोसण्याचा गुण) मिळतो, तर माउंटन ड्वार्फला स्ट्रेंग्थमध्ये दोन गुण आणि हलक्या व मध्यम चिलखताचे प्रावीण्य मिळते. सर्व ड्वार्फांना मिळणारे कॉन्स्टिट्यूशनचे (काटकपणाचे) दोन गुण धरले, तर माउंटन ड्वार्फच्या खात्यात चार गुण जमा होतात आणि तो उघडच उजवा वाटतो. परंतु या रचनेत एक चातुर्य होते: ज्या फायटरला ती स्ट्रेंग्थ हवी असते त्याला चिलखताचे प्रावीण्य त्याच्या क्लासकडूनच (पेशाकडूनच) मिळालेले असते, आणि ज्या विझर्डला, म्हणजे मांत्रिकाला, चिलखत हवे असते त्याला स्ट्रेंग्थचा फारसा उपयोग नसतो. २०२० सालच्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'ने गुणवाढ हवी तेथे लावण्याची ऐच्छिक मुभा दिली आणि हा बंदोबस्त सुटला. आता माउंटन ड्वार्फ विझर्ड इंटेलिजन्स व कॉन्स्टिट्यूशन या दोहोंत प्रत्येकी दोन गुण घेऊन वर हाफ प्लेट हे मध्यम चिलखत चढवू शकतो, म्हणजे डेक्स्टेरिटी (चपळाई) १४ असताना त्याचा आर्मर क्लास (त्याच्यावर वार लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा) एकही मंत्र न खर्चता १७ होतो. तेवढीच डेक्स्टेरिटी असलेला दुसरा विझर्ड मेज आर्मर हा संरक्षक मंत्र टाकूनही १५ वरच थांबतो.

२०२४ च्या आवृत्तीने गुणवाढ वंशाकडून काढून बॅकग्राउंडकडे, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याकडे, दिली, ड्वार्फचे उपप्रकार बंद केले आणि हिट पॉइंटची वाढ सर्व ड्वार्फांना दिली. त्यांतील पहिली व तिसरी गोष्ट मी उचलली आहे. उपप्रकार मात्र मला हवेच आहेत, कारण डोंगरातला आणि खाजनातला माणूस एकाच तऱ्हेने जगतो हे गोव्यात वाढलेल्या कोणालाही पटवणे कठीण आहे.

खाजनी ड्वार्फ हा बांध घालणारा, मानशीची (भरतीचे पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारे राखणारा आणि कोरगूट हा खारे पाणी सोसणारा भात पिकवणारा गट आहे. पहिल्या आराखड्यात त्याला २५ फुटांची पोहण्याची गती, पंधरा मिनिटे श्वास रोखण्याची शक्ती आणि चिखलात वेग न मंदावणे अशी तीन वैशिष्ट्ये होती. चाहत्यांनी तयार केलेल्या गुणांकन-तक्त्यांत पोहण्याला सहसा क्षुल्लक भाव असतो आणि वाळवंटातल्या मोहिमेत तो रास्तही आहे. आमच्याकडे मात्र दिवसातून दोनदा भरती येते आणि निम्म्या चकमकी पाण्याच्या काठावर किंवा पाण्यातच घडतात. नियमाप्रमाणे पोहण्याची गती नसलेल्याला पाण्यात एक फूट सरकायला दोन फुटांची चाल खर्चावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्याखाली खंजीर, भाला, त्रिशूळ अशी मोजकी हत्यारे सोडून बाकी सर्व हातघाईच्या हल्ल्यांवर त्याला डिसअॅडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो. पोहण्याची गती असली की ही अट गळून पडते आणि ड्वार्फची लाडकी कुऱ्हाड पाण्याखालीही जमिनीइतकीच चालते. चाचणीच्या खेळात मानशीखालच्या झुंजीत हेच घडले, तेव्हा गटातला सर्वांत धाकटा खेळाडू म्हणाला, "दादा, मग आम्ही बांधार बसून फक्त बघायचं का?" त्याचा प्रश्न वाजवी होता.

उपाय शोधताना उडणाऱ्या वंशांचा इतिहास कामी आला. २०१५ साली आलेल्या आराकोक्रा या पक्षीमानव वंशाला ५० फुटांची उड्डाणगती होती आणि खालच्या पातळीवर, जेथे शत्रूंकडे दूरवर मारा करण्याची साधने तुटपुंजी असतात, तेथे लाँगबो घेतलेला आराकोक्रा सगळी झुंज एकट्याने उरकू शकत असे. २०२२ च्या 'मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स'मध्ये त्याची उड्डाणगती चालण्याच्या गतीइतकी झाली. मध्यम वा जड चिलखतात उडता न येण्याची अट मात्र तेथेही राहिली. तीच अट सौम्य करून मी खाजनी ड्वार्फला लावली आहे: जड चिलखत अंगावर असेल तर पोहण्याची गती मिळत नाही. त्यामुळे प्लेट घातलेला पॅलाडिन आणि चामडी चिलखतातला रेंजर यांना दोन वेगळ्या निवडी कराव्या लागतात, आणि तसेच व्हावे अशी माझी इच्छा होती.

श्वास रोखण्याची शक्ती काढून टाकली. कॉन्स्टिट्यूशन १६ असलेला कोणीही चार मिनिटे, म्हणजे सहा सेकंदांच्या चाळीस फेऱ्या, श्वास रोखू शकतो, आणि आमची एकही झुंज तेवढी लांबत नाही. ते वैशिष्ट्य केवळ शोभेचे होते. चिखलाचे वैशिष्ट्य राहिले.

डोंगरी उपप्रकाराकडे चिलखताचे प्रावीण्य आहेच. हाफ प्लेटचा विझर्ड टाळण्यासाठी ते मी हलके चिलखत व ढाल इतकेच ठेवले. ढालीचे दोन गुण मिळतात, पण एक हात अडकतो, हा सौदा मला बरा वाटतो.

बुद्धी किंवा बळ यांत उणे गुण देऊन समतोल साधण्याची जुनी पद्धत मी कोणत्याही उपप्रकारासाठी वापरणार नाही. २०१६ साली ऑर्कला इंटेलिजन्समध्ये आणि कोबोल्डला स्ट्रेंग्थमध्ये उणे दोन होते, ते पुढे वगळले गेले. असा दंड त्या गुणाची गरज नसलेल्या क्लासला मुळीच बोचत नाही, म्हणून हिशेबाच्या दृष्टीनेही तो कुचकामी आहे. शिवाय आपल्याच भूमीवरून उपप्रकार बेतताना खाजनातल्या माणसाला मंदबुद्धी ठरवणे मला शोभणारे नाही.

राखणदाराच्या, म्हणजे गावाचे रक्षण करणाऱ्या दैवताच्या, कल्पनेवर आधारलेला तिसरा उपप्रकार अजून कच्चा आहे. गावच्या शिवेच्या आत मिळणारी शक्ती मोहीम शीव ओलांडताच शून्यावर येते, म्हणून तिचा वापर प्रोफिशियन्सी बोनसइतक्या (पातळीबरोबर वाढणाऱ्या प्रावीण्य-गुणाइतक्या) वेळा, दर लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर), असा बांधून पाहतो आहे. म्हणजे पहिल्या पातळीला दोनदा आणि पाचव्या पातळीपासून तीनदा. पुढच्या बैठकीत तो सत्तरीच्या रानातील प्रसंगात आणि त्याच पात्राने नंतर नदीमुखावरील प्रसंगात खेळवायचा आहे. दोन्हीकडे तो सारखाच वापरला गेला, तर त्याचे गुणांकन करता येईल.