पन्नास शेअरचे पाचशे

बाबा गेल्यावर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराची आवराआवर करताना पत्र्याच्या पेटीत, विम्याच्या पावत्यांखाली, एक शेअर सर्टिफिकेट सापडलं. 50 शेअर, दर्शनी किंमत 10 रुपये. आई म्हणाली, "म्हणजे पाचशेच रुपये ना रे?" मलाही तसंच वाटलं होतं.

दर्शनी किंमत, म्हणजे कागदावर छापलेली, कंपनीच्या भागभांडवलाच्या हिशेबापुरती. बाजारात भाव वेगळाच असतो. सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर, म्हणजे भागधारकाचा खाते क्रमांक, लिहून कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, पत्र टाकलं, तेव्हा खरी गोष्ट कळली. मधल्या काळात शेअरचं विभाजन झालं होतं, 10 रुपयांच्या एकाचे 2 रुपयांचे पाच. म्हणजे 250. पुढे एकास एक बोनस, दर शेअरमागे एक फुकट, म्हणजे 500. विभाजन किंवा बोनस झाला की भावही त्याच प्रमाणात उतरतो, त्या दिवशी कुणी श्रीमंत होत नाही. पण आमच्या हातातला कागद जुन्या आकड्यावरच थांबला होता. लाभांशही दर्शनी किमतीवरच मोजतात: 150 टक्के जाहीर झाला तर 2 रुपयांच्या शेअरला 3 रुपये. आमचा लाभांश बाबांच्या भरूचच्या जुन्या पत्त्यावर जाऊन परत येत होता, पाच वर्षं. सलग सात वर्षं कुणी घेतला नाही तर शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफ, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. परत मिळतात, पण वेगळा अर्ज करून. आम्ही दोन वर्षं आधी जागे झालो.

हे 2023 मधलं. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, वारसाच्या नावावर मात्र होतात. त्याला ट्रान्समिशन म्हणतात. आईचं डीमॅट खातं, म्हणजे शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदीत ठेवायचं खातं, उघडलं, बहिणीचं नाहरकतपत्र घेतलं. अडलो ते नावावर. सर्टिफिकेटवर बाबांच्या नावापुढे मराठी पद्धतीचं 'राव', मृत्यूच्या दाखल्यावर गुजराती पद्धतीचं 'भाई'. बडोद्यात हे घरोघरी आहे, म्हणून सांगतो: दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून आधीच करून ठेवा. आमचा अर्ज त्यापायी एकदा परत आला.

मंजुरीचं पत्र आलं. ते तेव्हा 120 दिवसांत डीमॅटला द्यावं लागायचं, आम्ही तिसऱ्याच दिवशी दिलं.

आईने चष्मा लावून मोबाईलवर 500 हा आकडा पाहिला. मग विचारलं, "ह्यांच्या नावाचा तो कागद आता परत नाही ना मिळणार?"

त्याची रंगीत झेरॉक्स मी आधीच काढून पेटीत ठेवली होती.