रिव्हर्सो ठेवायचं की परत पाठवायचं: आठ दिवसांची तपासणी

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यांनी, म्हणजे शेटजींनी, पुण्यातून वापरलेलं जेजेर-लकुल्त्र रिव्हर्सो मागवलं. हे केस उलटवता येणारं मनगटी घड्याळ. स्टीलचं, ट्रिब्यूट मालिकेतलं, सहावर छोटा सेकंद काटा असलेलं. परत करायची मुदत आठ दिवस. तेवढ्यात तपासून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

डायल, काटे, मशीन हे सगळं नंतर. आधी केस (घड्याळाचा धातूचा डबा) सरकवून तिच्याखालचा पाळणा पाहिला, म्हणजे ती ज्यात सरकते आणि उलटते तो मनगटाकडचा भाग. बहुतेक लोक या घड्याळाचं मशीन तपासतात आणि पाळणा विसरतात. विक्रेत्याच्या फोटोंतही तो नव्हता. रिव्हर्सोत खरं पाहता यंत्रं दोन आहेत, एक वेळ दाखवणारं आणि एक केस उलटवणारं. दुसऱ्याची झीज पहिल्यापेक्षा आधी दिसते, आणि ती टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या उपकरणावर) कळत नाही.

हे उलटणं कुठून आलं, ते आपल्याकडच्या माणसाला ठाऊक असावं असं मला वाटतं. भारतातले ब्रिटिश अधिकारी पोलो खेळायचे आणि त्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या. सेझार द त्रे या घड्याळ व्यावसायिकाने ती अडचण इथून नेली. रने-आल्फ्रेद शोव्हो याने काच आत वळवता येईल अशी केसची रचना केली आणि 4 मार्च 1931 रोजी पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज केला. म्हणजे आपला सांगलीचा आयर्विन पूल बांधून झाला त्याच्या आसपासचाच काळ. सुरुवातीच्या रिव्हर्सोंमध्ये मशीन ताव्हान कंपनीचं होतं, लकुल्त्रचं स्वतःचं मशीन 1933 पासून बसू लागलं. पुढे मागची कोरी पाठ हीच शोभा झाली. 1936 च्या एका रिव्हर्सोवर भारतीय स्त्रीचं मीनाकामातलं चित्र आहे.

उलटवायची रीत अशी. घड्याळ मांडीवर किंवा मऊ कापडावर धरायचं. केसची एक कड अंगठ्याने हलकेच ढकलायची. ती आडवी सरकते, सरकणं संपलं की वळते, पालथी होते आणि परत ढकलल्यावर टक् करून बसते. सरकते ती एकाच बाजूला, दुसरीकडे जोर लावायचा नाही. वेळ लावण्यासाठी चावी बाहेर ओढलेली असताना केस हलवायचीच नाही. टक् आवाज नीट आला नाही किंवा बसल्यावर केस बोटाने हलली, तर अडकवणाऱ्या भागात मळ तरी आहे किंवा झीज तरी. मी वीस वेळा उलटवून पाहिलं. बसणं घट्ट होतं, पण सोळाव्या वेळेला मध्येच किंचित खरखर जाणवली.

दहापटीच्या भिंगाखाली कारण दिसलं. पाळण्यावर एकाच दिशेच्या बारीक रेषा होत्या आणि खाचेच्या टोकाला करडी भुकटी. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे म्हणजे वाळूचे कण असतात, ते या स्टीलपेक्षा कठीण. केस आणि पाळण्यात फट जेमतेम, त्यामुळे एक कण शिरला तरी प्रत्येक उलटवण्याला एक रेष. म्हणून स्वच्छ करायचा क्रम महत्त्वाचा. आधी रबरी फुगा, त्याने निघेल ते काढायचं. मग मऊ कोरडा ब्रश, खाचेच्या लांबीने. उरलेलं रोडिकोच्या (घड्याळजींच्या चिकट मऊ गोळ्याच्या) टोकाने टिपून घ्यायचं. पुसायचं मात्र नाही, कापडाने कण फिरतो आणि आणखी ओरखडा उमटतो. मुख्य म्हणजे खाचेत तेल सोडायचं नाही. तेलाने दोन दिवस छान सरकतं, नंतर तेच धूळ धरून लेप होतं. एवढं केल्यावर खरखर गेली. रेषा राहिल्या, पण त्या केस बसल्यावर झाकल्या जातात आणि सरकण्याला अडवत नाहीत. मी त्या दोष म्हणून लिहिल्या, नकाराचं कारण म्हणून नाही.

यार्डात वावरणाऱ्याला हळदीचा वेगळा त्रास आहे. हळदपूड स्टीलला ओरखडत नाही, पण तेलकट असते, घामाबरोबर चिकटते आणि खाचेत बसली की वाळूलाही धरून ठेवते. पट्ट्याचं तर तिथेच संपतं. डाग पडला म्हणून साबण लावला तर तो लाल होतो, कारण साबण अल्कली आणि हळदीचा रंग अल्कलीत लालसर पडतो. उन्हात हळदीचा डाग फिका होतो हे खरं, पण उन्हाने चामडंही आखडतं. म्हणून मी शेटजींना सांगितलं, "सौद्याच्या वेळी हे घालू नका. घालायचंच असेल तर मूळ पट्टा काढून ठेवा आणि गडद तपकिरी साधा लावा."

मशीनबद्दल थोडक्यात. कॅलिबर (मशीनचा प्रकार) 822, हाताने चावी देण्याचं, जाडी 2.94 मिमी, 19 ज्वेल्स (घर्षण कमी करणारे खडे), ताशी 21,600 ठोके, एकदा पूर्ण चावी दिली की सुमारे 42 तास. ते चौकोनी केससाठीच घडवलेलं आयताकृती मशीन आहे, गोल मशीन चौकोनी डब्यात बसवलेलं नाही. मला या घड्याळाचा सर्वांत मोठा आदर वाटतो तो इथे. मात्र पाठ बंद असल्याने ते दिसत नाही, आणि केवळ बघायला म्हणून मी ते उघडलं नाही. गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) एकदा हलवलं की पाणीरोधाची चाचणी पुन्हा करावी लागते.

चाचणीत पहिल्या दिवशी पूर्ण चावी देऊन, अर्धा तास थांबून सहा बाजूंनी मोजलं. दिवसाला सेकंदांत, डायल वर +5, डायल खाली +7, चावी खाली +1, बाकी तीन बाजू त्यांच्या मधे. 24 तासांनी परत मोजलं तर फरक तीन-चार सेकंदांनी वाढला, तो चालतो. टाइमग्राफरवर अँप्लिट्यूडचा (बॅलन्सचं चक्र किती अंश झुलतं त्याचा) आकडा पाहताना एक लक्षात ठेवा. तो आकडा काढायला लिफ्ट अँगल हा मशीनगणिक बदलणारा कोन लागतो. टाइमग्राफर तो आपोआप 52 अंश धरतो, आपल्या मशीनचा तोच असेल असं नाही. त्यामुळे आकडा खरा मानण्यापेक्षा पहिल्या तासाचा आणि 24 व्या तासाचा आकडा यांतला फरक बघावा.

तिसऱ्या दिवशी घड्याळ दिवसाला 70 सेकंद पुढे जाऊ लागलं. मशीन बिघडलं नव्हतं. रात्री ते मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरवर ठेवलं गेलं होतं. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सचा झोका सांभाळणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटतात, तिची परिणामकारक लांबी कमी होते आणि घड्याळ पळतं. साधं होकायंत्र जवळ नेलं की सुई हलते, एवढ्यावर खात्री होते. डिमॅग्नेटायझरचं (चुंबकत्व काढणाऱ्या उपकरणाचं) बटण दाबून धरायचं, घड्याळ वर सरळ उचलत हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. जवळच सोडलं तर चुंबकत्व उलट वाढतं. दोनदा केल्यावर परत +5.

पाणीरोध 30 मीटर लिहिलेला आहे. त्याचा अर्थ हात धुताना शिंतोडे उडाले तर चालेल, एवढाच. पोहणं नाही, अंघोळ नाही, जुलै-ऑगस्टमधल्या सांगलीच्या पावसात उघड्या मनगटावर मोटारसायकल तर नाहीच. कोरड्या दाब-चाचणीत घड्याळ 3 बारला (30 मीटर पाण्याएवढ्या दाबाला) पास झालं. चाचणी केस नीट बसवून घेतली, अर्धवट सरकलेली असताना दाब देऊ नये.

मापाचा अंदाज फोटोवरून चुकतो. रुंदी 27.4 मिमी वाचून लोक लहान समजतात, पण लांबी 45.6 आहे आणि मनगटावर लांबीच कळते. शेटजींचं मनगट साडेसोळा सेंटीमीटर, टोकं आत राहिली. जाडी 8.5, शर्टाच्या बाहीखाली सहज जाते.

कागदांत मी तीनच गोष्टी जुळवल्या: केसवरचा क्रमांक, हमीपत्रावरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक. नवीन घेणाऱ्यांनी पॅन तयार ठेवावं, दोन लाखांवरच्या खरेदीला ते लागतंच. 22 एप्रिल 2025 पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याने 1 टक्का कर गोळा करायचा नियम आला. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपावी.

सातव्या दिवशी शेटजींना "ठेवा" म्हणून कळवलं. त्यांचा पुढचा प्रश्न पाठीवर वडिलांची अक्षरं देवनागरीत कोरण्याचा होता. इथले सराफ चांदी-सोन्यावर सुंदर कोरतात, पण हे स्टील आहे. सोन्यावर चालणारी छिन्नी त्यावर घसरते आणि ठोके मारले तर धक्का थेट बॅलन्सच्या पिव्होटपर्यंत, म्हणजे त्या चक्राच्या नाजूक टोकापर्यंत, जातो. मशीन काढूनच हे काम व्हावं, स्टीलवर कोरण्याचा हात असलेल्या कारागिराकडून, आणि अक्षर आधी कागदावर खऱ्या मापात काढून. आठवा दिवस उलटेपर्यंत थांबायला सांगितलं आहे. अक्षरांचा कागद तोवर माझ्याकडेच आहे.