कला-संस्कृतीचं इंग्रजी मी भांडणांतून शिकले

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करताना पर्यावरण, तंत्रज्ञान, शिक्षण या विषयांची मला धास्ती नव्हती. त्यांचं इंग्रजी बातम्यांमधून येता-जाता कानावर पडलेलं असतं. कला आणि संस्कृतीचा प्रश्न आला की मात्र 'ब्यूटिफुल', 'फेमस' आणि 'इंटरेस्टिंग' एवढ्यावर माझी गाडी थांबायची. स्पीकिंगच्या पहिल्या भागात 'तुम्हाला संग्रहालयं पाहायला आवडतात का?' असं विचारलं तर तेवढ्यावर निभावून जातं. तिसऱ्या भागात 'सरकारने कलेवर पैसा खर्च करावा का?' असं विचारलं की नाही.

रायटिंग असो की स्पीकिंग, चार निकषांपैकी एक शब्दसंपदेचा असतो आणि चारही निकषांचं वजन सारखं असतं. सात बँडसाठी (बँड म्हणजे या परीक्षेतली गुणांची पातळी) जे वर्णन दिलेलं आहे त्यात कमी वापरले जाणारे शब्द अपेक्षित आहेतच, शिवाय कोणता शब्द कोणाशेजारी बसतो याचं भानही. म्हणजे नुसती यादी पाठ करून भागत नाही.

यादी म्हटली की सगळे अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्टचं नाव घेतात. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेली, 570 शब्दकुलांची (वर्ड फॅमिली, म्हणजे एका शब्दाची सगळी रूपं). चांगली आहे, मी वापरली. पण ती सगळ्या विद्याशाखांत सारखे भेटणारे शब्द गोळा करते. त्यामुळे 'कल्चर', 'ट्रॅडिशन', 'ॲलोकेट', 'कॉन्ट्रोव्हर्सी' तिच्यात सापडतात, शिल्प आणि संग्रहालय सापडत नाहीत. ते दुसरीकडून आणावे लागतात.

मी ते वादांमधून आणले. कलेच्या जगात भांडणं भरपूर आहेत आणि निबंधाचे प्रश्न बहुतेक त्यांच्यातूनच निघालेले असतात. एकेक वाद घ्यायचा, दोन्ही बाजूंचे लेख वाचायचे आणि दोन्ही बाजू कोणत्या शब्दांनी भांडतात ते टिपायचं, असं ठरवलं.

सगळ्यात जास्त मिळालं ते अथेन्समधल्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या शिल्पांकडून. अथेन्स ऑटोमन सत्तेखाली असताना ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन यांनी ती उतरवून नेली, 1816 मध्ये ब्रिटिश सरकारने 35,000 पौंडांना विकत घेतली आणि तेव्हापासून ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ग्रीस ती परत मागतो. 2009 मध्ये अथेन्सला उघडलेल्या ॲक्रोपोलिस म्युझियममध्ये त्यांच्यासाठी वरचा मजला तयार आहे. परत द्यायची तर 1963 चा ब्रिटिश म्युझियम कायदा आड येतो, कारण संग्रहातली वस्तू देऊन टाकण्यावर त्याने बरीच बंधनं घातली आहेत. एवढी गोष्ट नीट समजून घेतली तेव्हा 'आर्टिफॅक्ट', 'प्रोव्हनन्स' म्हणजे वस्तू कुठून, कोणाच्या हातून आली तो इतिहास, 'रीपॅट्रिएशन' म्हणजे मूळ देशाला परत देणं, 'राइटफुल ओनर', 'ॲक्वायर', 'कस्टोडियन', 'लाँग-टर्म लोन' हे सगळे शब्द वहीत आले. आणि शेजाऱ्यांसकट आले. 'आर्टिफॅक्ट्स' कोणाला 'रिटर्न' करायचे, कोण 'लेजिटिमेट क्लेम' करतो, संग्रह कोणाला 'ॲक्सेसिबल' ठेवायचा. भांडणात कोणी काय केलं ते लक्षात असतं, म्हणून क्रियापदही लक्षात राहतं. यादीतल्या शब्दाला ही सोय नाही.

दुसरा वाद वारशाचा. युनेस्कोचा 1972 चा करार स्मारकं आणि स्थळांचा, 2003 चा करार अमूर्त वारशाचा. दुसऱ्यात वारशाची पाच क्षेत्रं दिली आहेत: मौखिक परंपरा, सादरीकरणाच्या कला, रूढी-विधी-उत्सव, निसर्गाविषयीचं ज्ञान आणि पारंपरिक कारागिरी. त्या करारातली कलमं परीक्षेच्या दृष्टीने सोन्यासारखी आहेत. भाषा कोरडी, पण नेमकी. 'इन्टॅन्जिबल', 'ट्रान्समिट', 'प्रॅक्टिशनर', 'कम्युनिटी' ही मंडळी तिथे मुक्कामाला आहेत. करारात नुसतं 'प्रिझर्व्हेशन' न म्हणता 'सेफगार्डिंग' म्हटलं आहे, कारण जिवंत परंपरा काचेच्या पेटीत ठेवायची नसते, पुढच्या पिढीने ती चालवायची असते. हा फरक निबंधात एका वाक्यात मांडता आला तर परिच्छेद आपोआप उभा राहतो. 'कन्झर्व्हेशन' आणि 'रिस्टोरेशन'चंही तसंच. पहिल्यात झीज थांबवतात, दुसऱ्यात वस्तूला जुनं रूप परत देऊ पाहतात, आणि तिथे तज्ज्ञांचेही खटके उडतात. (वर्ड फॅमिली पाठ करणाऱ्यांना एक सूचना: 'प्रिझर्व्हेटिव्ह' लोणच्याच्या बाटलीत असतं, स्मारकात नाही.)

पैशाचा वाद मी लवकर आटोपला. डिसेंबर 2001 पासून इंग्लंडमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांत कायमस्वरूपी दालनांना प्रवेश मोफत झाला, तर 1997 मध्ये उघडलेल्या गुगेनहाइम संग्रहालयाने स्पेनमधल्या बिल्बाओसारख्या उतरणीला लागलेल्या औद्योगिक शहराकडे पर्यटक ओढले. ही दोन उदाहरणं धरली की 'सबसिडाइज', 'टॅक्सपेयर', 'रेव्हेन्यू', 'रीजनरेट' आणि 'फिलान्थ्रॉपी' एका बैठकीत जुळतात.

नोंदींसाठी ॲन्की हे पाठांतराच्या कार्डांचं ॲप वापरलं. कार्डावर एकटा शब्द लिहिला नाही, अर्धं वाक्य लिहिलं आणि मधला शब्द गाळला. उच्चार मोठ्याने म्हटले, कारण स्पीकिंगमध्ये उच्चारालाही वेगळे गुण आहेत आणि या विषयाचे शब्द त्या बाबतीत खोडकर आहेत. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. 'हेरिटेज'चा शेवट 'एज'सारखा नाही, 'इज'सारखा. शिवाय त्याचं अनेकवचन सहसा होत नाही, हे लिहिताना सारखं तपासावं लागतं.

'कला हा समाजाचा आत्मा आहे' छापाची तयार वाक्यं मी पूर्ण टाळली. परीक्षकांनी ती इतक्यांदा ऐकलेली असणार की पाठांतर लगेच कळतं, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्यात म्हणणं काहीच नसतं. चित्रशैलींची नावंही सोडून दिली. परीक्षा कलेचा इतिहास विचारत नाही. वेळ कमी असेल तर आधी हेच गाळा आणि वाद दोनच घ्या, पण खोलात जाऊन.

परीक्षेत माझा निबंध कलेवर आलाच नाही, सार्वजनिक वाहतुकीवर आला. तिथे 'सबसिडाइज', 'ॲलोकेट' आणि 'ॲक्सेसिबल' जसेच्या तसे चालले. स्पीकिंगच्या तिसऱ्या भागात मात्र पारंपरिक हस्तकलांवर प्रश्न निघाला, त्या टिकवायला सरकारने काय करावं म्हणून. 'सेफगार्ड' आणि 'ट्रान्समिट' तोंडात आले, 'प्रोव्हनन्स'ला जागा नव्हती, म्हणून तो घुसवला नाही. निकालपत्रात शब्दसंपदेचे गुण वेगळे छापलेले नसतात, त्यामुळे किती फायदा झाला ते नेमकं सांगता येणार नाही. स्पीकिंगचा बँड सरावापेक्षा अर्ध्याने वर होता.