तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज

जुलैतली सकाळ. रात्रपाळीचे सिनियर ऑपरेटर (आमचा तेलशुद्धीकरणाचा अख्खा प्लांट त्यांना काका म्हणतो) घरी जायच्या आधी आमच्या इन्स्पेक्शनच्या केबिनमध्ये आले. रेनकोटचं पाणी फरशीवर गळत होतं. म्हणाले, "साहेब, क्रूड कॉलमच्या डोक्यावरून जी लाइन निघते ना, तिच्या पहिल्या बेंडपाशी पाऊस आला की चर्र होतं. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं."

मी म्हणालो, "लाइन गरम आहे काका, वाफ होणारच."

"बाकी लाइनवर नाही होत," एवढंच बोलून ते गेले. दोन दिवसांनी पुन्हा आले, तेव्हा मी वर चढलो.

बाहेरच्या माणसाला आधी एक गोष्ट सांगायला हवी. जमिनीतून कच्चं तेल, म्हणजे क्रूड, येतं ते खारं पाणी घेऊन. डिसॉल्टरमध्ये ते धुतात, तरी थोडं मीठ उरतंच. त्यातलं आपलं साधं मीठ फारसा त्रास देत नाही. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची क्लोराइडं मात्र भट्टीत तापली की पाण्याच्या वाफेशी मिळून हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार करतात, आणि ते वाफांबरोबर थेट कॉलमच्या, म्हणजे क्रूडचे घटक वेगळे करणाऱ्या उंच मनोऱ्याच्या, डोक्यावर जातं. कोरडं असेपर्यंत ते साध्या पोलादाला फारसं काही करत नाही. पण वाफ थंड होऊन पाण्याचा पहिला थेंब धरला, की सगळं ॲसिड त्या थेंबात शिरतं. त्या थेंबाचा पीएच एक-दोनपर्यंत उतरू शकतो. ॲसिड मारायला आपण वरून सोडलेला अमोनिया त्यात लगेच विरघळत नाही, तो पुढे जास्त पाणी झाल्यावर विरघळतो. म्हणून सगळी मेहनत एकाच गोष्टीसाठी असते: पहिला थेंब आपण ठरवू तिथे पडावा, वॉश वॉटरचा फवारा मारतो तिथे.

आमचा पहिला थेंब भलतीकडेच पडत होता.

बेंडपाशी पोचलो तर इन्सुलेशनला ताटाएवढी खिडकी. थिकनेस मोजायला आम्हीच कापलेली, दोन वर्षांपूर्वीच्या शटडाऊनमध्ये. झाकण नाही. आतलं पोलाद उघडं, तपकिरी, आणि पावसाचा प्रत्येक थेंब त्यावर चर्र करून उडत होता. लाइनच्या आत १२२ अंश. पाणी धरायचा बिंदू हिशोबाने १०४ च्या आसपास. म्हणजे एरवी अठरा अंशांची मोकळीक. पण भर पावसात त्या उघड्या तुकड्यापाशी कसली मोकळीक?

ताडपत्री धरून आम्ही मोजायला बसलो. जाडी आवाजाच्या लहरी सोडून मोजतात; गरम लाइनवर त्याचा साधा प्रोब चालत नाही, गरम कामाचा वेगळा लागतो. जेलही वेगळं, तरी ते काही क्षणांत वाळतं, तेवढ्यात रीडिंग घ्यायचं. शिवाय तापलेल्या पोलादात आवाजाचा वेग कमी होतो, त्यामुळे मीटर जाडी थोडी जास्तच दाखवतो, पंचावन्न अंशांमागे साधारण एक टक्का. ही दुरुस्ती न करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांची रीडिंग मी कधी धरत नाही. लाइन चोवीस इंची, मुळात ९.५३ मिमी. मागचं रीडिंग ८.६. आता मीटरवर ३.९. पुसून, जेल बदलून पुन्हा घेतलं. ३.९. दुरुस्ती धरून ३.८. खिडकीच्या कडेपासून खाली तीन बोटं रुंद ओघळ उतरत गेलेला, तिथेही चारच्या आसपास.

प्रॉडक्शनच्या साहेबांनी विचारलं, "प्रेशर किती? सव्वा किलो. त्याला एक मिमीही पुरते. डिसेंबरपर्यंत चालेल." प्रेशरच्या गणिताने ते बरोबर होते. पण दोन पावसाळ्यांत पावणेपाच मिमी गेलंय, तर उरलेलं डिसेंबरपर्यंत टिकेल हे कशावरून? आणि भोक पडलं तर बाहेर येणार नॅफ्थाची, म्हणजे पेट्रोलसारख्या हलक्या तेलाची, वाफ आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू. त्या प्लॅटफॉर्मवर काकांसारखी माणसं तासातासाला फेरी मारतात. मी लेखी दिलं. खिडकीवर पत्र्याचं छप्पर टाकलं, आणि पाचव्या दिवशी युनिट बंद झालं.

त्या पाच दिवसांत मी रोजचे रिपोर्ट मागे मागे चाळत बसलो. बूट म्हणजे लाइनच्या शेवटच्या टाकीखालचं पाणी साठायचं भांडं; त्यातल्या पाण्याचा पीएच सहा. रोज सहा. हिरवा चौकोन, म्हणजे सगळं ठीक. त्याच कागदावर दोन ओळी खाली क्लोराइड वीसवरून साठवर चढलेलं. ओलं क्रूड आलं होतं, डिसॉल्टरमध्ये पाण्या-तेलाचा लगदा झाला होता, मीठ पुढे जात होतं. केमिकलवाल्याने अमोनिया वाढवला, पीएच जागेवर आला, आणि सगळ्यांनी पीएचच बघितला. पण बूट हा प्रवासाचा शेवट. फवाऱ्याचं पाणी, अमोनिया, सगळं मिसळून झाल्यावर तिथे सहाच दिसणार. डिसॉल्टर नीट चालवायला जी मेहनत लागते ती टाळून पुढे केमिकल ओतत राहायचं, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललंय आणि मला ते अजिबात पटत नाही.

बेंड कापून खाली आणला तो पाण्याचा मारा चालू ठेवूनच, कारण आतला काळा लोहसल्फाइड वाळला की आपोआप पेटतो. आत खिडकीच्या बरोबर मागे करडा थर. नखाने खरवडला तर चुरा हातावर आला आणि बघता बघता हवेतली ओल ओढून चिकट झाला. अमोनियाचं मीठ. त्याच्याखाली पोलाद वाटीसारखं खोल आणि घासल्यासारखं स्वच्छ.

मग आम्ही बेंडच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन मीटर इन्सुलेशन काढून मोजलं. ८.४. ८.५. ८.४.

हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. झाकलेलं पोलाद धडधाकट, आणि आम्ही जिथे जाडी बघायला खिडकी केली तेवढंच खाल्लेलं. ॲसिड डिसॉल्टरमुळे आलं, यात वाद नाही. पण ते तिथेच का बसलं? त्या कामाच्या क्लोजिंग फॉर्मवर 'इन्सुलेशन पूर्ववत केले' अशी ओळ आहे. तिच्यासमोर बरोबरची खूण आणि सही माझी. मी खालून बघून केलेली.

युनिटमधल्या सगळ्या खिडक्या मोजल्या: एक्केचाळीस. झाकण नसलेल्या सतरा. आता सगळ्या बंद आहेत, प्रत्येकीपाशी मी स्वतः चढून हात लावून आलोय. काकांना वर बोलावून नवा बेंड दाखवला. ते काही बोलले नाहीत, नव्या झाकणाचे स्क्रू एकेक करून दाबून बघत राहिले.

रिपोर्टमध्ये कारणांच्या रकान्यात पहिली ओळ डिसॉल्टरची आहे. दुसरी मी खिडकीची लिहिली, तारीख आणि फॉर्म नंबरासकट. आमचे साहेब म्हणाले, "पहिली ओळ खरी आहे ना? मग दुसरी कशाला?" मी ती काढलेली नाही. रिपोर्ट अजून त्यांच्या टेबलावर आहे.