कोगनोळीचा नाका आणि ऱ्हाइनवरची ट्राम

कोल्हापूरहून निपाणीकडे जाताना कोगनोळीचा नाका मागे पडला की पाट्या कन्नड होतात आणि पेट्रोल स्वस्त होते, म्हणून आमच्याकडचे कितीतरी लोक तिकडे काम निघाले की गाडीची टाकी भरूनच परततात. रुपया दोन्हीकडे तोच असल्यामुळे हा फरक कुणालाही हिशेब न मांडता कळतो.

गेल्या वर्षी भाच्याकडे फ्रान्समधील स्ट्रासबर्गला गेलो, तेव्हा हीच गोष्ट दोन देशांच्या सीमेवर पाहायला मिळाली. तिथली ट्राम 2017 पासून ऱ्हाइन नदी ओलांडून थेट जर्मनीतील केल या गावात जाते. "मामा, शाम्पू, साबण, बाळाचे डायपर आम्ही पलीकडूनच आणतो," असे भाचा म्हणाला. पूर्वी याच खरेदीसाठी फ्रँक देऊन मार्क घ्यावे लागत. 1 जानेवारी 2002 रोजी बारा देशांत युरोच्या नोटा व नाणी आली आणि ती अदलाबदल संपली.

दुकानातून परत मिळालेली सुटी नाणी मी बराच वेळ न्याहाळत होतो. एका बाजूला सगळ्यांवर सारखाच नकाशा, दुसऱ्या बाजूला मात्र ज्याच्या त्याच्या देशाची खूण: एकावर जर्मन गरुड, एकावर फ्रान्सचे झाड आणि एकावर ग्रीसचे घुबड, जे प्राचीन अथेन्सच्या नाण्यावरून घेतलेले आहे. ते घुबड पाहून 2015 चा, कर्जाच्या संकटात सापडलेला ग्रीस आठवला. तेव्हा तिथल्या बँका तीन आठवडे बंद होत्या आणि एटीएममधून दिवसाला फक्त 60 युरो काढता येत होते. स्वतःचे चलन असते तर त्याचे मूल्य घटवून काही भार हलका करता आला असता, पण द्राख्मा केव्हाच गेला होता आणि व्याजदर फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेत ठरत होते. सामायिक चलनाची ही किंमत फार मोठी आहे, आणि सोयीचे कौतुक करताना आपण ती विसरू नये असे मला मनापासून वाटते.

चलन आणि सीमा हे दोन वेगळे करार आहेत, हेही तिथेच नीट उमगले. आयर्लंडमध्ये युरो चालतो, पण तो शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या देशांच्या गटात, नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण त्याचा फ्रँक कायम आहे. शेंगेनचा करार 14 जून 1985 रोजी बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी मोझेल नदीतील एका बोटीवर केला, आणि सीमेवरची तपासणी प्रत्यक्षात थांबायला 26 मार्च 1995 उजाडला.

थांबलेली तपासणी पुन्हा सुरूही होऊ शकते. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर ती सुरू केली आहे. आम्ही जाताना केलच्या थांब्यावर दोन पोलीस ट्राममध्ये चढले आणि त्यांनी माझा पासपोर्ट शांतपणे पाहून परत दिला. मला 2021 साल आठवले: कर्नाटकात शिरायला आरटी-पीसीआरचा अहवाल लागत होता, आणि तो जवळ नसल्याने निपाणीच्या मावशीला न भेटताच आम्ही कोगनोळीहून गाडी वळवली होती.

भाचा आता साबण आणायला निघाला तरी निवास परवान्याचे कार्ड आठवणीने पाकिटात ठेवतो.