कुरूप कापलं, पण दाब तसाच राहिला

तळपायाला कुरूप झालं की आपल्याकडे आधी ब्लेड निघतं. नाहीतर मेडिकलमधून कॉर्न कॅप, म्हणजे औषध लावलेली चिकटपट्टी येते. पाच-सहा आठवडे बरं वाटतं आणि मग त्याच जागी, तेवढंच, पुन्हा टोचायला लागतं. ‘मूळ राहिलं असेल’ म्हणत पुढच्या वेळी जरा जास्त खोल कापलं जातं. पण कुरुपाला मूळ नसतंच. आतून हाड आणि बाहेरून चपलेचा तळ, या दोघांच्या मध्ये कातडी सतत दाबली गेली की ती स्वतःला वाचवायला जाड होते. दाब पसरट असेल तर घट्टा पडतो. तो एकाच बिंदूवर असेल तर आत टोक असलेला कठीण सुळका तयार होतो आणि पाऊल टेकलं की ते टोक नसांवर दाबतं. हेच कुरूप, कुणी त्याला भोवरी म्हणतं. कापल्याने सुळका निघतो, दाब तिथेच राहतो. म्हणून कापणं हे अर्धंच काम.

ब्रिटन-अमेरिकेत अशा तक्रारींसाठी पोडिएट्रिस्ट हा वेगळा, त्याच विषयाची पदवी घेतलेला माणूस असतो. आपल्याकडे हा व्यवसाय अजून रुळलेला नाही, त्यामुळे ते काम वाटलं गेलंय. कातडी आणि नखाची बुरशी त्वचारोगतज्ज्ञांकडे, रुतलेलं नख आणि जखमा सर्जनकडे, टाचदुखी हाडांच्या डॉक्टरांकडे, शुगरवाल्यांचे पाय डायबेटिक फूट क्लिनिकमध्ये. मराठवाड्यात संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथे त्वचारोग, सर्जरी आणि हाडांचे विभाग एकाच आवारात मिळतात. जाताना मात्र रोजच्या वापरातली चप्पलच घालून जा. ती उलटी करून पाहिली की तळ कुठे जास्त झिजलाय ते दिसतं, आणि बऱ्याचदा कुरुपाची जागा त्याच्याशी जुळते.

तपासताना पहिला प्रश्न असा की हे कुरूप आहे, मस (चामखीळ) आहे, की आत मोडलेला काटा आहे? तिन्ही वरून सारखीच दिसतात. सरळ बोटाने दाबल्यावर जास्त दुखलं तर बहुधा कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं तर मस. मस विषाणूमुळे होतो. त्याच्यावर कातडीच्या रेषा तुटलेल्या दिसतात आणि वरचा थर खरवडला की काळे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या. मस हा कुरूप समजून कापला तर रक्त येतं, शिवाय विषाणू आजूबाजूला पसरू शकतो.

तिसरी शक्यता आपल्या भागात कायम डोक्यात ठेवावी लागते. वेडी बाभूळ बांधाबांधावर आहे, आणि कापूस-तूर निघाल्यावर रानात धसकटं उभी असतात. काटा वरून निघतो, टोक आत राहतं, जखम भरते आणि महिन्याभराने तिथे गाठ येते. एक्स-रे काढला तर त्यात काहीच दिसत नाही, कारण लाकूड एक्स-रेत सहसा दिसतच नाही. त्यासाठी सोनोग्राफी करायला सांगा. टोक किती खोल आणि कोणत्या दिशेला आहे हे त्यात कळतं, म्हणजे भूल देऊन नेमकं तेवढंच उघडता येतं. घरी सुईने उकरत बसलं तर टोकाचे तुकडे होतात आणि काम अवघड होऊन बसतं. रानातल्या काट्याची जखम असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर ते पुन्हा घ्यावं लागतं.

कुरूप काढताना जाणकार हात काय करतो ते पाहण्यासारखं आहे. कातडी एका हाताच्या अंगठ्याने ताणून धरायची, पंधरा नंबरचं सर्जिकल ब्लेड कातडीला जवळजवळ समांतर ठेवायचं आणि कागदासारखे पातळ थर काढत जायचं. वरची पिवळट कातडी गेली की मधोमध काचेसारखा कडक, अर्धपारदर्शक बिंदू दिसतो. ब्लेडच्या टोकाने तो भोवताली सोडवून अलगद उचलायचा. ही मेलेली कातडी असते, म्हणून भूल लागत नाही आणि रक्तही येता कामा नये. दहा-पंधरा मिनिटांचं काम, आणि पेशंट उठून चालायला लागला की फरक त्याचा त्यालाच कळतो.

नेमकं इथेच बहुतेक जण थांबतात. खरं तर आता दाब हलवायचा असतो. साधारण ५ मिलिमीटर जाडीचा फेल्टचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरी कापडाचा तुकडा घ्यायचा आणि इंग्रजी यू अक्षराच्या आकारात असा कापायचा की कुरुपाची जागा मोकळ्या भागात येईल. पॅड कुरुपाच्या मागे आणि बाजूंना बसतो, वर नाही. नेहमीची चूक हीच, की मऊ म्हणून कापूस किंवा पॅड थेट कुरुपावर चिकटवतात. त्याने त्या बिंदूवर जाडी वाढते आणि दाबही वाढतो. कायमचा उपाय म्हणजे चपलेत एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराचा थर. कुष्ठरोगामुळे पाय बधिर झालेल्यांना सरकारी कार्यक्रमातून ज्या चपला मिळतात त्या याच रबराच्या. अंगठ्याने दाबला की दबतो, सोडला की लगेच वर येतो, ही त्याची ओळख. नुसता मऊ स्पंज आठवड्यात बसून सपाट होतो आणि त्याचा उपयोग संपतो. चांगला चर्मकार कारागीर असा थर नीट बसवून देतो. कुरूप नेमकं कुठे आहे ते लिपस्टिकने किंवा कुंकवाने पायावर खूण करून, त्याच पायाने चपलेत उभं राहून त्याला दाखवावं.

कॉर्न कॅपमध्ये बहुधा ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते कुरूप आणि चांगली कातडी यात फरक करत नाही. वापरायचीच असेल तर पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून पुसून घ्या, औषधाचा भाग कुरुपाएवढाच कापा, दोन दिवसांनी काढून पांढरी झालेली कातडी हलकेच घासून टाका, आणि दोन आठवड्यांच्या पुढे जाऊ नका. शुगर असेल, पाय बधिर असेल किंवा पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर अजिबात नको. पट्टी सरकते, शेजारची कातडी जळते आणि बधिर पायाला ते कळतही नाही.

बिब्ब्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. भेगेत, कुरुपावर, काटा मोडलेल्या जागी बिब्बा घालणं किंवा गरम गुळाचा चटका देणं अजून गावोगाव चालतं. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, काहींना अंगभर खाज सुटते. सांगणाऱ्याच्या मनात माया असते यात शंका नाही. पण मधुमेही माणसाच्या पायाला असा एक चटका बोट गमावण्यापर्यंत नेऊ शकतो.

टाचेच्या भेगा, म्हणजे जळवात. उभं राहिलं की टाचेखालची चरबीची गादी बाजूला पसरते. कडेची कातडी मऊ असेल तर ती ताणली जाते, कोरडी आणि जाड असेल तर फाटते. मागून उघडी चप्पल, एप्रिल-मेची कोरडी हवा आणि दिवसभर उभ्याचं काम, म्हणून आपल्याकडे भेगा जास्त. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं पुरे; अर्धा तास ठेवला तर कातडी नंतर आणखी कोरडी पडते. मग वजरीने एकाच दिशेला, हलक्या हाताने घासा. एका दिवसात सगळं काढायचं नाही. पाय टिपून, ओलसर असतानाच युरिया असलेलं मलम लावा. नुसता कोरडेपणा असेल तर १० टक्क्यांचं, जाड कडा असतील तर २० ते २५ टक्क्यांचं. त्यावर पेट्रोलियम जेली आणि रात्री सुती मोजे. रोज केलं तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. रक्त येणाऱ्या भेगेत युरिया झोंबतं, तिथे आधी फक्त जेली.

खोल भेग मलमाने भरत नाही, कारण तिच्या दोन्ही बाजूंच्या कडक कडा प्रत्येक पावलाला तिला उघडत राहतात. डॉक्टर त्या कडा ब्लेडने तासून उतरत्या करतात आणि भेगेवर आडवी चिकटपट्टी ताणून लावतात. भेगेत फेविक्विक भरू नका. माती आणि जंतू आत कोंडले जातात. आणि भेगांबरोबर तळहातही फाटत असतील किंवा पूर्ण तळव्याला पांढरट भुकटीसारखा कोंडा असेल, तर तो सोरायसिस किंवा बुरशी असू शकते. तिथे वजरी कामाची नाही.

पावसाळ्यातल्या चिखल्यांसाठी बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं हे निम्मं औषध. बेचक्यांत मॉइश्चरायझर लावू नका. मेडिकलवर सहज मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली ‘थ्री-इन-वन’ मलमं दोन दिवसांत खाज थांबवतात आणि बुरशी आत वाढू देतात. ती टाळा.

रुतलेल्या नखाचं कारण बहुतेकदा आपल्याच नेलकटरमध्ये असतं. अंगठ्याचं नख गोल कापलं किंवा कोपरा ओढून तोडला की कडेला एक बारीक काडी राहते. नख वाढताना तीच मांसात शिरते. मग लाली, पू, लाल मांसाची गाठ. अँटिबायोटिकने सूज उतरते, पण काडी आतच असते, म्हणून गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. सुरुवातीला नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात सरकवून, रोज बदलून, नखाला वर वाढायला वाट देता येते. वारंवार होत असेल तर बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी भूल देऊन, रक्त थांबवणारा पट्टा बांधून, नखाची फक्त रुतणारी पट्टी उभी कापून मुळापर्यंत काढतात. मग तेवढ्याच भागातल्या नखाच्या मुळाला फिनॉल हे रसायन लावतात, एकूण सुमारे तीन मिनिटं. ती पट्टी पुन्हा उगवत नाही. पूर्ण नख उपटायची सहसा गरज नसते. नुसतं उपटलं आणि मूळ तसंच ठेवलं तर नवीन नखही रुतू शकतं, आणि अंगठ्याचं पूर्ण नख यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. फिनॉलनंतर दोन ते चार आठवडे पाणी येत राहतं, त्याला घाबरू नका. लाली वर चढायला लागली तर मात्र लगेच दाखवा. नख सरळ कापा, कोपरा कातडीच्या बाहेर दिसला पाहिजे.

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते आणि दहा पावलांनी कमी होते, हे तळव्याच्या पडद्याचं, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेल्या जाड पट्ट्याचं दुखणं. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तरी दुखण्याचं कारण सहसा ते नसतं. न दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेतही ते दिसतं. उठण्याआधी बसूनच पाय गुडघ्यावर घ्या, बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा सेकंद धरा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोटरीचा ताण भिंतीला हात टेकून, तीस सेकंद, तीन वेळा. शहाबादी फरशीवर अनवाणी तासन्‌तास स्वयंपाक होत असेल तर घरात वेगळी, टाचेला जाड असलेली चप्पल घाला. किमान दोन महिने चिकाटी ठेवा. टाचेतलं स्टेरॉइडचं इंजेक्शन लवकर आराम देतं, पण पुन्हा पुन्हा घेतलं तर पडदा तुटण्याची आणि टाचेची गादी पातळ होण्याची भीती असते.

शुगर असलेल्यांसाठी वरचं घरचं ब्लेड, कॅप, जोरात वजरी, सगळं बाद. त्यांच्या पायाचा घट्टा ही जखमेची आधीची पायरी असते. बधिर पाय त्यावर चालत राहतो आणि खाली रक्त साकळून पोकळी होते. दवाखान्यात १० ग्रॅमचा दाब देणाऱ्या नायलॉन धाग्याने स्पर्श आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने (कंप पावणाऱ्या धातूच्या चिमट्याने) कंप तपासतात, घोट्याच्या नाड्या बघतात. घरीही एक सोपी तपासणी होते. डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला बोटाने एक-दोन सेकंद नुसता हलका स्पर्श करा. दाबू नका, ठोकू नका. सहापैकी दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत तर पाय धोक्यात आहे असं समजून तपासणीला घेऊन जा. सगळं नीट असलं तरी वर्षातून एकदा तपासणी. बधिरपणा असेल तर सहा महिन्यांच्या आत पुन्हा. आधी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी. आणि एक पाय लाल, गरम, सुजलेला, पण दुखत नाही, असं झालं तर ‘मुरगळला असेल’ म्हणून शेकत बसू नका. हाडं आतून ढासळत असू शकतात. त्या पायावर भार न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नवी चप्पल किंवा बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. पुठ्ठ्यावर उभं राहून पायाची रेघ कुणाकडून तरी काढून घ्या, कापा आणि तो पुठ्ठा बुटात सरकवा. कडा दुमडली तर बूट अरुंद. सर्वांत लांब बोटाच्या पुढे आतून एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी. रानात आणि उसाच्या फडात पातळ स्लीपर चालत नाही, धसकट तळातून आरपार येतं. तिथे जाड तळाचे, बंद बूटच. अनवाणी तुळजापूरला चालत जायचा नवस असेल आणि पाय बधिर असतील, तर दुपारचा डांबरी रस्ता चपलेशिवाय नकोच. आणि पायात घालण्याआधी चप्पल-बूट झटकून, आत हात घालून चाचपा, रोज.