लॉन, वर्गणी आणि पुढच्या महिन्यातली सभा

गेल्या आठवड्यात आमच्या वसाहतीच्या वार्षिक सभेची सूचना हाती आली. सभेत मतदान असेल तर सभासदांना किमान 10 दिवस आधी कळवावे, असा टेक्सासचा कायदा आहे. आमच्या बोर्डाने या वेळी महिनाभर आधी कळवले, हे चांगले केले. सूचनेत पाच विषय आहेत: बोर्डाच्या दोन जागांची निवडणूक, वार्षिक वर्गणीत वाढ, पोहण्याच्या तलावाची दुरुस्ती, पावसाचे पाणी साठवणाऱ्या तळ्यातला गाळ आणि घरापुढच्या लागवडीचे नवे नियम. यातला पाचवा विषय मी मांडला आहे आणि तो मांडण्यामागे लातूर आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हे सांगायला हवे की ‘होमओनर्स असोसिएशन’ म्हणजे आपल्याकडची फ्लॅटची सोसायटी नव्हे. आम्ही ऑस्टिनच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. इथे दोनशे स्वतंत्र घरे आहेत, प्रत्येकाची जमीन स्वतःच्या नावावर आहे आणि तरीही घर विकत घेतले की तो माणूस आपोआप असोसिएशनचा सभासद होतो. ते बंधन जमिनीच्या कागदपत्रांतच नोंदवलेले असते. घर विकेपर्यंत त्यातून बाहेर पडता येत नाही. वर्गणी थकली तर असोसिएशन घरावर बोजा चढवू शकते आणि शेवटी ते घर लिलावातही जाऊ शकते. नुसत्या दंडापोटी मात्र घर विकता येत नाही, असोसिएशनने थकबाकीदाराला किमान तीन महिन्यांच्या हप्त्यांत पैसे भरण्याची सोय द्यावी लागते आणि लिलाव झालाच तरी मूळ मालकाला पैसे भरून घर परत मिळवण्यासाठी विक्री झाल्याच्या सूचनेपासून 180 दिवसांची मुदत असते. ही कलमे मी घर घेताना वाचली नव्हती. इकडे घर घेणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ती सही करण्याआधी वाचावीत.

आपल्याकडे याच्याशी जुळणारी गोष्ट शोधायची तर ती प्लॉटिंगच्या कॉलनीत सापडेल. आमचे लातूरचे घर अशाच एका एन.ए. लेआउटमध्ये आहे. नियमाप्रमाणे लेआउटच्या नकाशात ओपन स्पेस सोडलेला आहे, पण तो नेमका कुणाचा, हा प्रश्न तीस वर्षांत सुटलेला नाही. कुणाच्या बांधकामाची वाळू तिथे पडते, पावसाळ्यात कमरेएवढे गाजरगवत वाढते, गणपतीच्या आधी पोरे ते उपटतात आणि दसऱ्यापर्यंत ते पुन्हा माजते. कोपऱ्यावरचा दिवा गेला की नगरसेवकाला फोन करायचा, नाहीतर एखाद्याने पदरच्या पैशाने बल्ब लावायचा. कुणी वाईट आहे असे नाही. कॉलनीतल्या माणसांइतकी अडीअडचणीला धावणारी माणसे मला इथे मिळालेली नाहीत. पण सामायिक जागेसाठी ना वही आहे, ना पैसा, ना जबाबदारी घेणारा माणूस. इथे त्या तिन्ही गोष्टी आहेत आणि असोसिएशनबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो याच कारणाने आहे.

तक्रार आहे ती लॉनची. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये मला पत्र आले. त्यात माझ्या घराचा तारखेसह छापलेला फोटो होता आणि फुटपाथलगतच्या पिवळ्या पडलेल्या गवताच्या पट्ट्याभोवती लाल वर्तुळ काढलेले होते. संध्याकाळचे ऊन तिथे थेट पडते आणि तापलेले काँक्रीट रात्रीपर्यंत धग सोडते, त्यामुळे तो पट्टा सगळ्यात आधी जळतो. दहा दिवसांत गवत हिरवे करावे, असे पत्रात लिहिले होते. आमच्या गावाला ट्रॅव्हिस तलावाचे पाणी मिळते. त्या उन्हाळ्यात तलाव खाली गेला होता आणि नगरपालिकेने आठवड्यातून एकच दिवस लॉनला पाणी द्यायची परवानगी ठेवली होती. एका हातात नगरपालिकेचे बंधन आणि दुसऱ्या हातात असोसिएशनचे पत्र, अशी माझी अवस्था झाली.

त्या रात्री मी कागदावर हिशोब केला. माझे पुढचे-मागचे लॉन मिळून सुमारे 3000 चौरस फूट आहे. त्याला एक इंच पाणी द्यायचे म्हटले तर सात हजार लिटर लागते, म्हणजे आपल्याकडच्या पाच हजार लिटरच्या टँकरहून जास्त, आणि भर उन्हाळ्यात असे दर आठवड्याला. दोनशे घरांचा आकडा चौदा लाख लिटरपर्यंत जातो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली, तेव्हा पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पुढे पन्नास वाघिणींतून एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. म्हणजे एका अख्ख्या शहराने जिची वाट पाहिली, त्या गाडीतले निम्म्याहून अधिक पाणी आमच्या वसाहतीच्या गवताला एका आठवड्यात लागते. तो आकडा लिहून झाल्यावर मला बराच वेळ झोप आली नाही.

त्या एप्रिलमध्ये मी सुट्टी काढून लातूरला गेलो होतो. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते, नळ बंद होते आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाने मार्चमध्येच जमावबंदीचा आदेश काढला होता. घरी बाजेवर बसून आंघोळ करायची आणि बाजेखाली ठेवलेल्या घमेल्यात ते पाणी धरायचे, अशी रीत पडली होती. त्या पाण्याने फरशी पुसली जायची आणि फरशीचे उरलेले पाणी अंगणातल्या लिंबाला जायचे. आई हौदात काठी बुडवून पाणी मोजायची आणि भिंतीवर खडूने रेघ ओढायची. ती रेघ पाहिलेल्या माणसाला गवत हिरवे ठेवण्यासाठी टँकरभर पाणी ओतणे जमत नाही, आणि हे कारण सभेत सांगायला मला कसलाही संकोच वाटत नाही.

पत्राला उत्तर देण्याआधी मी कायदा वाचला. दंड लावण्यापूर्वी असोसिएशनला नोंदणीकृत टपालाने सूचना द्यावी लागते, दुरुस्तीला वाजवी मुदत द्यावी लागते आणि सभासदाने 30 दिवसांत मागितल्यास त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. मी सुनावणी मागितली. बोर्डावरची माणसे बिनपगारी काम करतात. निवृत्त शिक्षक असलेल्या अध्यक्षांनी माझे सगळे ऐकून घेतले, दंड केला नाही आणि म्हणाले, “नियम चुकीचा वाटत असेल तर नवा नियम लिहून आणा.” दरम्यान कायदाही बदलला: पाणीवापरावर बंधने लागू असताना गवत पिवळे पडले म्हणून दंड करता येणार नाही, अशी तरतूद सप्टेंबर 2025 पासून झाली आहे. पण तिने फक्त दंड थांबतो. गवताऐवजी दुसरे काही लावायचे असेल तर असोसिएशनची संमती अजूनही लागते. दुष्काळात तग धरणाऱ्या लागवडीला विनाकारण नकार देऊ नये, एवढेच 2013 पासून कायद्यात आहे. विनाकारण म्हणजे काय, हे ज्याने त्याने ठरवायचे, म्हणून वसाहतीचा स्वतःचा स्पष्ट नियम हवा.

मी लिहिलेल्या मसुद्यात पुढच्या अंगणाचा निम्मा भाग गवताशिवाय ठेवण्याची मुभा आहे. त्या भागात स्थानिक झुडपे असावीत, मुळांवर पालापाचोळ्याचे किंवा लाकडाच्या भुशाचे जाड आच्छादन असावे आणि पाणी फवाऱ्याने न देता ठिबकने द्यावे. जालन्याच्या मोसंबीच्या बागा ठिबकवर उभ्या राहिलेल्या आपण पाहिल्या आहेत, तेव्हा आपल्याला त्यात नवीन काही नाही. इथे मात्र ते समजावून सांगावे लागते. सगळे अंगण खडीने झाकायला मी परवानगी ठेवलेली नाही, कारण खडी तापते आणि शेजारच्या भिंतीही तापवते. एका शेजाऱ्याने हाच आक्षेप घेतला होता आणि तो खरा होता. दुसरा आक्षेप घराच्या किमतीचा आहे: हिरवळ गेली तर वसाहत उजाड दिसेल आणि गिऱ्हाईक येणार नाही. ज्यांची आयुष्यभराची कमाई त्या घरात आहे त्यांची ही भीती मी हलक्यात घेत नाही, म्हणून प्रत्येकाने लागवडीचा नकाशा आधी द्यावा आणि समितीने 30 दिवसांत उत्तर द्यावे, अशी अट घातली आहे.

मसुद्याबरोबर झाडांची यादी जोडली आहे. त्यात लँटाना आहे, म्हणजे आपली बांधावरची घाणेरीच. इथल्या नर्सरीत ती कुंडीत लावून विकतात. मी सहा रोपे आणल्याचे आईला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, “का रं, घाणेरी इकत आणावी लागती का तिथं?” मग थोडे थांबून म्हणाली, “पण जगती ती. उन्हाळ्यात बी फुलती.” माझ्या तीन पानांच्या मसुद्याचा सगळा आधार या वाक्यात आहे.

वर्गणीच्या वाढीला मी पाठिंबा देणार आहे. पोहण्याच्या तलावाचा आतला गिलावा जागोजागी सुटला आहे, पोरांचे पाय खरचटतात आणि दुरुस्तीला पुरेल एवढा राखीव निधी शिल्लक नाही, कारण वर्गणी वाढवणे नको म्हणून आधीच्या बोर्डांनी तो साठवलाच नाही. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात टाकायला सांगितले आहे. टेक्सासच्या कायद्यात असा आकडा नाही आणि त्याचे परिणाम आता आमच्यापुढे आहेत. तळ्यातला गाळ काढण्यावर कुणाचे दुमत नाही. इथे पाऊस आला की तासाभरात ओढे भरून वाहतात आणि ते तळे भरले तर खालच्या रांगेतल्या घरांत पाणी शिरेल. निवडणुकीला तीन उमेदवार आहेत. त्यातल्या एक तेलुगू भाषक ताई गणेशोत्सवाला क्लबहाऊस मिळवून देतात, म्हणून इथल्या मराठी घरांची मते त्यांना जातील असे दिसते. मी मात्र प्रत्येक उमेदवाराला राखीव निधीबद्दल विचारून मगच मत ठरवणार आहे.

लागवडीचा नियम करण्याचा अधिकार बोर्डाचा आहे, पण बोर्डाने त्याआधी सभासदांचा कौल मागितला आहे आणि तो गणसंख्या झाली तरच धरला जाईल. गेल्या वर्षी सभा गणसंख्येअभावी बारगळली. म्हणून जे येऊ शकत नाहीत त्यांच्या प्रॉक्सी, म्हणजे त्यांच्या वतीने मत देण्याची सहीची पत्रे, गोळा करत मी शनिवारी दारोदार फिरलो. दोन घरे पलीकडच्या आजींनी कागद हातात घेतला, पण आधी झाडे दाखव म्हणाल्या. त्यांना आमच्या टपालपेटीजवळच्या वाफ्यापाशी आणले. त्यांनी वाकून घाणेरीचे पान चुरगाळले, वास घेतला, मग बोटाने आच्छादन बाजूला सारून खालची माती दाबून पाहिली. पाणी देऊन पाच दिवस झाले होते आणि माती अजून ओलसर होती. टपालपेटीवर कागद ठेवून त्यांनी तिथेच सही केली. गणसंख्येला अजून एकोणीस सह्या कमी आहेत आणि वरच्या रांगेतली घरे राहिली आहेत. तिकडे मी येत्या शनिवारी जाणार आहे.